करुणविप्रलंभ, सोमवार ते शनिवार

प्रेमाचे वर्णन करताना संस्कृत काव्यशास्त्राने शृंगाररसाचे दोन भाग केले: प्रेमिक एकत्र असतात तो संभोगशृंगार आणि ते एकमेकांपासून दुरावलेले असतात तो विप्रलंभशृंगार. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात दुराव्याची पाच कारणे नोंदवली आहेत: अभिलाष, म्हणजे भेटीपूर्वीची ओढ, विरह, म्हणजे टीकाकारांच्या स्पष्टीकरणानुसार जवळ असूनही वडीलधाऱ्यांच्या धाकामुळे भेट न होणे, ईर्ष्या, प्रवास, आणि शाप. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांच्या अभ्यासकाला ही यादी वाचताना मम्मटाने एखाद्या वाहिनीच्या कथाविभागात काही काळ नोकरी केली असावी असा संशय आल्यावाचून राहत नाही, कारण यांपैकी एकही कारण मालिकांनी वाया घालवलेले नाही आणि विरहाच्या व्याख्येत तर एकत्र कुटुंबाच्या मालिकेचा संपूर्ण आराखडाच सापडतो. फरक असलाच तर एवढा की संस्कृत काव्यातील नायिकेला बहुधा एका कारणाने दुरावा सोसावा लागे. मालिकेतील नायिकेला पाचही कारणे क्रमाने सोसावी लागतात आणि प्रेक्षकसंख्या घसरली तर एकाच आठवड्यात सोसावी लागतात.

हा प्रकार भारतात आला तो मात्र काव्यशास्त्राच्या वाटेने आला नाही. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी १९८२ मध्ये मेक्सिकोला भेट दिली, तेव्हा तेथील ‘टेलिनोव्हेला’ या कौटुंबिक कथामालिकांतून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांच्या गळी कसे उतरवले जातात हे त्यांच्या पाहण्यात आले, आणि त्यातून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. टेलिनोव्हेलाचे मुख्य लक्षण असे की ती काही महिने चालते आणि संपते. ‘हम लोग’नेही हे लक्षण पाळले व डिसेंबर १९८५ मध्ये ती संपली. पाठोपाठ आलेल्या ‘बुनियाद’मध्ये लाहोरच्या एका कुटुंबाची फाळणीत झालेली वाताहत होती, म्हणजे माणसे दुरावण्यास उपखंडाच्या इतिहासाइतके सबळ कारण होते. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, तोपर्यंत मेक्सिकोहून आणलेल्या सामानातील शेवट नावाची वस्तू वाटेत कुठेतरी गहाळ झालेली होती. ही मालिका नोव्हेंबर २००८ पर्यंत अठराशेहून अधिक भाग चालली, आणि ‘चार दिवस सासूचे’ या मराठी मालिकेने नावात चारच दिवस मागून घेऊन २००१ पासून पुढे तीन हजारांहून अधिक भागांचा मुक्काम केला.

शेवट गहाळ झाल्यामुळे प्रेमकथेच्या रचनेत जो फरक पडला तो समजण्यासाठी थोडे अर्थशास्त्र ध्यानात घ्यावे लागते. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांची कथा लागते आणि ती जवळजवळ रोज लागते. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर उभारलेल्या बंगल्याच्या सेटचा खर्च जितक्या अधिक भागांवर वाटला जाईल तितका तो परवडतो. आणि निवडक घरांतील संचांना मापक यंत्रे जोडून काढलेला प्रेक्षकसंख्येचा अंदाज, ज्याला सर्वजण टीआरपी म्हणतात, तो दर गुरुवारी जाहीर होतो. ग्रीक नाटकात नायकाचे भवितव्य देववाणी ठरवत असे आणि ती एकदाच होत असे. मालिकेत ते गुरुवारी ठरते आणि पुढच्या गुरुवारी फिरवता येते. या व्यवस्थेत सुखी जोडपे हे वाहिनीच्या दृष्टीने बंद पडलेले दुकान असते, कारण ज्यांच्यात बेबनाव नाही अशा दोन माणसांना बावीस मिनिटे चहा पिताना पाहण्यास कोणीही थांबत नाही. म्हणून मालिकेतील खरे संकट वियोग हे नसून मीलन हे असते, आणि कथालेखकाची सर्व प्रतिभा ते टाळण्यात किंवा निदान पुढच्या सोमवारपर्यंत लांबवण्यात खर्च होते.

या लांबवण्याचा सर्वांत प्रगत आविष्कार लग्नसोहळ्यात पाहायला मिळतो. ज्या मराठी समाजात साखरपुडा, हळद आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अक्षता एवढ्यावर लग्न आटोपत असे, त्या समाजाला मालिकांनी संगीत आणि मेहंदी यांची दीक्षा दिली, त्यामागे पंजाबी संस्कृतीचे प्रेम किती आणि प्रत्येक विधीमागे मिळणारे दोन-तीन भाग किती हे ठरवणे कठीण आहे. मंगलाष्टकांना प्रारंभ झाल्यावर अंतरपाट धरून उभ्या असलेल्या दोन पुरुषांच्या दंडातील बळ हा मालिकांमधील एक दुर्लक्षित चमत्कार आहे, कारण शनिवारी धरलेला अंतरपाट महाएपिसोडसाठी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी दाखवल्या जाणाऱ्या एका तासाच्या किंवा त्याहून लांब भागासाठी, रविवारी संध्याकाळपर्यंत हातात राहतो. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी कोणीतरी येते. येणारी व्यक्ती पूर्वीची प्रेयसी, पोलीस किंवा गेल्या वर्षी वारलेला पती यांपैकी कोणीही असू शकते. ती ‘थांबा’ एवढा एकच शब्द उच्चारते आणि पुढे मालिका तिच्या सांगण्यानुसार खरोखरच थांबते.

दुराव्याच्या कारणांमध्ये मृत्यू हे कारण सर्वांत प्रतिष्ठित होय. परंतु येथे मम्मट अपुरा पडतो आणि चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथाकडे वळावे लागते. विश्वनाथाने करुणविप्रलंभ असा एक स्वतंत्र प्रकार मानला असून त्याचे लक्षण असे की प्रेमिकांपैकी एकजण परलोकी गेलेला असतो, दुसरा शोक करीत असतो, मात्र गेलेला पुन्हा भेटणार असतो. भेटीची आशा नसेल तर तो शुद्ध करुणरस होतो आणि त्यात शृंगार उरत नाही. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील महाश्वेता व पुंडरीक यांची कथा, ज्यात मेलेला पुंडरीक अखेर महाश्वेतेला परत मिळतो. ‘क्योंकि’मधील मिहीर विराणी अपघातात मरण पावला तेव्हा देशभरातील प्रेक्षकांनी केलेला आकांत हा करुणरस होता की करुणविप्रलंभ, हा प्रश्न काही काळ अनिर्णित होता, पुढे मिहीर जिवंत परतला आणि शास्त्रीय निर्णय विश्वनाथाच्या बाजूने लागला. त्या दिवसापासून मालिकांत खऱ्या अर्थाने कोणी मेले नाही असे म्हणता येते. मृतदेह सापडत नाही, मोटार दरीत कोसळते पण दरीत कोणी उतरत नाही, आणि ओळख पटवण्यासाठी एक घड्याळ किंवा साखळी पुरेशी मानली जाते. सात वर्षे ज्याची खबरबात नाही त्यास मृत समजावे असे भारतीय पुरावा कायद्याने सांगितले होते. मालिकेतील कुटुंब त्याच आठवड्यात तसबिरीला हार घालते, आणि हार वाळण्यापूर्वी तसबिरीतील गृहस्थ दुसऱ्या गावी दाढी वाढवून हिंडताना दिसतात.

परतलेला नायक सहसा रिकाम्या हाताने येत नाही; तो स्मृतिभ्रंश घेऊन येतो. मिहीरचीही स्मृती हरपली होती आणि दरम्यान मंदिरा नावाची डॉक्टर त्याच्या आयुष्यात आलेली होती. या योजनेवर हसणाऱ्यांनी ‘अभिज्ञानशाकुंतल’ आठवावे. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही. तेथे दुष्यंत सर्व काही आठवत असूनही ओळख नाकारतो. नायक असा कोडगा दिसू नये म्हणून कालिदासाने शाप घातला, म्हणजे विसरण्याचे खापर राजावरून ऋषीवर गेले. मालिकेतील स्मृतिभ्रंश नेमके हेच काम करतो: दुसऱ्या स्त्रीच्या घरी सुखाने राहणारा नवरा बदफैली ठरत नाही, कारण त्याला काही आठवतच नाही, आणि पहिली पत्नी व तिचे प्रेक्षक त्याच्यावर रागावू शकत नाहीत. शाप देणारा ऋषी खर्चिक असल्याने त्याची जागा डोक्यावरील आघाताने घेतली आणि अंगठी गिळणाऱ्या माशाची जागा मंगळसूत्राने किंवा डोक्यावरील दुसऱ्या आघाताने. अशा विस्मरणात नायक-नायिका असा भेदही राहिलेला नाही. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये अपघातानंतर नेहा ही अनुष्का होऊन वावरू लागली आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या तिच्या पतीवर, यशवर, दुष्यंताच्या दरबारातील शकुंतलेची पाळी आली. 

ईर्ष्या, म्हणजे संशयातून आलेला दुरावा, हा प्रकार मृत्यूपेक्षा स्वस्त असल्यामुळे अधिक रूढ आहे. त्यासाठी दार अर्धे उघडे असावे लागते, दारापलीकडील संभाषणाचा उत्तरार्ध तेवढा ऐकू यावा लागतो आणि ऐकणाऱ्याने पूर्वार्धाची चौकशी न करता अश्रू ढाळत निघून जावे लागते. कोट्यवधींचा उद्योग असलेल्या या घरांमध्ये एकाही खोलीला कडी का नसते, या प्रश्नाचे उत्तर वास्तुशास्त्रात नाही. कडी लागली तर खलनायिका बेरोजगार होईल हे त्याचे उत्तर आहे. ‘रंग माझा वेगळा’मधील कार्तिक स्वतः डॉक्टर होता; तरीही एका वैद्यकीय अहवालावर विसंबून त्याने पत्नी दीपाच्या पोटी आलेल्या मुली आपल्या नव्हेत असे ठरवले, आणि त्या मुली बोलू-चालू लागून शाळेत जाईपर्यंत महाराष्ट्रातील घराघरांतून त्याला डीएनए चाचणी करून घेण्याचा सल्ला दिला जात राहिला. हा सल्ला त्याने मानला असता तर एका प्रयोगशाळेचा भुर्दंड पडून एक संसार वाचला असता, पण वाहिनीच्या दृष्टीने तो आतबट्ट्याचा व्यवहार झाला असता. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील जान्हवीच्या गरोदरपणाच्या लांबीवरून असेच विनोद फिरले, मालिकेच्या सृष्टीत वैद्यकशास्त्राचे कालमान लागू नसते एवढेच त्यातून सिद्ध झाले.

या सर्व कारणांचा एकत्रित प्रयोग म्हणून ‘कसौटी जिंदगी की’ या मालिकेचा उल्लेख करावा लागतो. ऑक्टोबर २००१ ते फेब्रुवारी २००८ या काळात चाललेल्या या कथेतील अनुराग बासू व प्रेरणा यांचे एकमेकांवर निरतिशय प्रेम होते, आणि त्या प्रेमाचा पुरावा म्हणून ते सतत इतरांशी विवाह करीत राहिले: अनुरागच्या आयुष्यात कोमोलिका ही खलनायिका आली आणि अनुरागला संकटातून सोडवण्याची किंमत म्हणून प्रेरणेला ऋषभ बजाज या उद्योगपतीशी लग्न करावे लागले. रोनित रॉय यांनी हा बजाज साकारला, आणि पुढे मिहीर विराणीची भूमिकाही त्यांच्याकडेच आली. त्यामुळे काही काळ असा योग होता की एकच गृहस्थ साडेआठ वाजता एका जोडप्याची ताटातूट घडवत आणि साडेदहा वाजता स्वतःच्या ताटातुटीने व्याकूळ होत. कर्मसिद्धांताचे फळ मिळण्यास सामान्यतः पुढचा जन्म लागतो. स्टार प्लसवर त्याला दोन तास पुरत.

एकाच भूमिकेत दुसरा नट येणे ही गोष्ट परंपरागत शोकांतिकेला ठाऊक नव्हती. ‘पवित्र रिश्ता’ या हिंदी मालिकेत मुंबईच्या चाळीतील मराठी माणसे होती. तिच्यातील मोटार मेकॅनिक मानव देशमुख आधी सुशांतसिंह राजपूत यांच्या रूपात अर्चनावर प्रेम करीत होता आणि नंतर हितेन तेजवानी यांच्या रूपात करू लागला. अर्चनाने, तिच्या सासूने आणि शेजाऱ्यांनी या बदलाची दखल घेतली नाही, आणि देह बदलला तरी आत्मा तोच राहतो हा जो सिद्धांत कीर्तनकार शतकानुशतके श्रोत्यांच्या गळी उतरवू पाहत आहेत तो प्रेक्षकांनी एका जाहिरातीच्या अवकाशात पत्करला. उलट प्रकारही घडतो: ‘ये रिश्ता क्या कहलाता है’मधील नायरा कड्यावरून पडून गेली, पण तिचा चेहरा वाया जाऊ दिला गेला नाही, आणि सिरत नावाची हुबेहूब तशीच मुष्टियोद्धा स्त्री नायराचा पती कार्तिक याच्या आयुष्यात आली. पहिल्या उदाहरणात माणूस तोच राहून चेहरा बदलतो, दुसऱ्यात चेहरा तोच राहून माणूस बदलतो. दोन्हींत करारपत्र हेच प्राक्तन असते.

अभिनयाच्या बाजूनेही शास्त्राचा आधार शोधता येतो. तीव्र भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या आठ खुणांना भरतमुनींच्या परंपरेत सात्त्विक भाव म्हणतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. यांपैकी वैवर्ण्य प्रसाधनाच्या थरामुळे अशक्य झाले आहे, स्वेद वातानुकूलनामुळे आणि रोमांच कोपरापर्यंतच्या बांगड्यांमुळे दिसत नाहीत. उरलेल्यांत स्तंभ, म्हणजे जागच्या जागी थिजणे, हा भाव सर्वश्रेष्ठ ठरला, कारण त्याला संवाद लागत नाहीत, तालीम लागत नाही आणि तो सामूहिक रीतीने करता येतो. ‘हा माझा मुलगा नाही’ हे चार शब्द उच्चारल्यावर कॅमेरा दिवाणखान्यातील काका, काकू, आत्या, दोन जावा, एक नणंद, वकील आणि चहाचा ट्रे घेतलेली मोलकरीण यांच्याकडे क्रमाने आणि शक्य तर प्रत्येकाकडे तीनदा वळतो. विजा चमकतात, बंद खिडक्यांच्या घरात वारा सुटतो, आणि चार शब्दांचा अर्धा भाग होतो.

शेवट हाती असलेल्या लेखकाला मात्र खरी शोकांतिका परवडते. गोवर्धनराम त्रिपाठी यांनी १८८७ ते १९०१ या काळात चार भागांत लिहिलेल्या ‘सरस्वतीचंद्र’ या गुजराती कादंबरीत नायकाचे प्रेम कुमुदवर असूनही अखेर त्याचा विवाह तिची बहीण कुसुम हिच्याशी होतो. २०१३ मध्ये तिच्यावर बेतलेल्या हिंदी मालिकेला हे सोसवले नाही आणि तिने सरस्वतीचंद्राचे कुमुदशी लग्न लावून दिले. मराठीत ‘तुला पाहते रे’ने याच्या विरुद्ध दिशेने धाडस केले: ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ अशा जेमतेम वर्षभरात विक्रांत सरंजामे हा नायकच अपराधी असल्याचे उघड झाले, नायिका ईशा ही त्याच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म ठरली आणि विक्रांतने स्वतःचा अंत केला. पुनर्जन्माचा मामला सोडला तर नायक स्वतःच्या कृत्याने बुडतो ही अ‍ॅरिस्टॉटलला मान्य होण्यासारखी रचना होती, आणि अनेक प्रेक्षक तिच्यावर मनापासून रागावले. त्यांना वियोगाची सवय होती. वियोगाला कारण आणि शेवट दोन्ही असल्याची नव्हती.

प्रेक्षक या साऱ्याला फसतो असे समजणारा समीक्षक प्रेक्षकाला ओळखत नाही. मोटार दरीत कोसळली की ‘हा येणार परत’ हे भाकीत सर्वप्रथम स्वयंपाकघरातून होते आणि ते सहसा चुकत नाही. ज्या घरांत मुलगी परदेशी गेलेली आहे, नवरा रात्रपाळीला आहे किंवा गेलेले माणूस खरोखरच गेलेले आहे, तेथे गेलेला माणूस नक्की परत येतो अशी हमी देणारी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी मिळावी ही मागणी मूर्खपणाची नाही. विश्वनाथाने करुणरसापासून करुणविप्रलंभ वेगळा काढला तो याच हमीच्या जोरावर, आणि वाहिन्या हीच हमी जाहिरातींसह विकतात.

परंतु हमी पुरी होण्याची वेळ येते तेव्हा काय होते, हे मालिकेच्या अखेरच्या आठवड्यात दिसते. मालिका बंद करण्याचा निर्णय झाला की खलनायिकेला सोमवारी पश्चात्ताप होतो, मंगळवारी खरा अहवाल सापडतो, बुधवारी स्मृती परतते, आणि चार वर्षे न सुटलेला गैरसमज एका वाक्यात सुटून शुक्रवारी सर्व कुटुंब छायाचित्रासाठी ओळीने उभे राहते; ते वाक्य कोणत्याही संध्याकाळी उच्चारता आले असते हेही त्याच वेळी ध्यानात येते. नायक-नायिकेचा वियोग असा संपला की प्रेक्षकाचा सुरू होतो, कारण पुढच्या सोमवारी त्याच वेळेला एक अनोळखी तरुण एका अनोळखी तरुणीला धडकतो आणि तिच्या हातातील कागद उडतात. ‘कसौटी’चे प्रेमिक २००८ मध्ये मरण पावले तरी २०१८ मध्ये त्याच नावांनी, नव्या चेहऱ्यांनी आणि नव्या कोमोलिकेसह परतले होते, पण विश्वनाथाच्या व्याख्येत चपखल बसणारी घटना २९ जुलै २०२५ रोजी घडली, जेव्हा ‘क्योंकि’ ही सतरा वर्षांपूर्वी गत झालेली मालिका स्मृती इराणी यांची नायिका तुलसी आणि अमर उपाध्याय यांचा मिहीर यांच्यासह रात्री साडेदहाच्याच मुक्कामी पुन्हा अवतरली. मालिकेच्या शोकात्म प्रेमकथेतील खरी नायिका प्रेक्षक आहे आणि तिचा परलोकी जाऊन परतणारा प्रियकर म्हणजे मालिका, असे यावरून मानण्यास हरकत नसावी. दोघांच्या मीलनात जाहिरातींखेरीज कोणताही अडथळा आता उरलेला नाही, आणि परतलेल्या प्रियकराला मागचे कितपत आठवते याची चौकशी करण्याची तिची मुळीच इच्छा नाही.